दहा ठसे, नऊ फेरे

बसडेपोच्या मागच्या अंगाला, टायरांच्या ढिगाला लागून एक अरुंद खोली आहे. तिच्या भिंतींवर वेगाचे काटे टांगलेले असतात. काही चालू, काही मेलेले, काही नुसतेच शून्यावर टेकून बसलेले. या खोलीत एका बाईने सव्वीस वर्षं काढली. हजेरीपटावर त्यांचं नाव आहे, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. एरवी चालकांपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना फेरेमावशी म्हणतात, कारण चाकाचे फेरे मोजणं हेच त्यांचं काम.

काम सांगायला सोपं. बसच्या काट्याला रस्ता दिसत नाही. त्याला कळतात फक्त चाकाचे फेरे. सेकंदाला चाक किती वेळा फिरलं ते तो मोजतो, त्याला चाकाच्या घेराने गुणतो आणि चालकाला सांगतो, तू ताशी अमक्या वेगाने चालला आहेस. चाक न घसरता नुसतं लोळलं, तर एका फेऱ्यात ते आपल्या घेराएवढंच पुढे जातं. केसभर जास्त नाही, केसभर कमी नाही. टायर बदलला की घेर बदलतो, आणि घेर बदलला की काट्यामागच्या डबीत नवा आकडा भरावा लागतो. तो आकडा मावशी काढायच्या. आकडा चुकला तर काटा थरथरत नाही, लाल होत नाही. तो अगदी शांतपणे खोटं बोलतो. मावशींना सगळ्यात जास्त भीती वाटायची ती या शांतपणाची.

भीती त्यांच्या अंगातच होती. शाळेत असताना त्या जिना उतरताना पायऱ्या मोजायच्या, आणि एखाद्या दिवशी पायरी कमी भरली तर पुन्हा वर जाऊन उतरायच्या. नवरा बसचालक मिळाला. त्याने तीस वर्षं घाटाचा रस्ता केला, आणि गेला तो घरी, दुपारी जेवून आडवा झाला असताना. तरी मावशींनी धसका घेतला तो घाटाचाच. मुलाला त्यांनी स्टिअरिंगला हात म्हणून लावू दिला नाही. त्याला औषधांच्या दुकानात चिकटवला, आणि सुटले म्हणाल्या. दोन वर्षांनी मुलाने लग्न करून आणली ती बस चालवणारी मुलगी.

सून गुणाची होती, बोलकी होती. शहरातल्या सपाट रस्त्यांवर ती दोन वर्षं गाडी चालवत होती, तोवर मावशींनी स्वतःची कशीबशी समजूत घातली. सपाट रस्त्यावर माणूस चुकला तर थांबायला जागा असते.

मग एका सकाळी केस बांधता बांधता सून म्हणाली, "आई, आजपासून मला घाटाची गाडी दिलीय."

मावशींच्या हातातला कप बशीवर नुसता टेकला, वाजला नाही.

"आई, श्वास घे," मुलगा म्हणाला.

"घेतेय," मावशी म्हणाल्या, आणि त्यानंतर डेपोत पोहोचेपर्यंत चकार शब्द बोलल्या नाहीत. सून शेजारून चालत होती. तिने हवेबद्दल बोलून पाहिलं, भाजीबद्दल बोलून पाहिलं, शेवटी तीही गप्प झाली.

घाटाच्या बसला आदल्या संध्याकाळीच नवे टायर बसवले होते. तिचा काटा लावायचं काम त्या दिवशीचं पहिलंच होतं. मोजायची रीत मावशींनीच बसवलेली. टायरभोवती दोरी गुंडाळून घेतलेला घेर त्यांना चालत नसे, कारण अंगावर वजन आलं की टायर खाली दबतो आणि लोळताना कमी अंतर कापतो. म्हणून बसमध्ये वाळूची पोती टाकायची. मागच्या चाकाला जमिनीलगत ओल्या चुन्याचा जाड ठिपका द्यायचा, आणि धुण्याच्या चौथऱ्यापासून फाटकाच्या दिशेने बस हळूहळू सरळ न्यायची. चाक फिरेल तसा फरशीवर एकेक पांढरा ठसा उमटत जातो. एकाच फेऱ्याचं अंतर घेतलं आणि मोजपट्टी बोटभर सरकली, तर ती चूक पुरी अंगावर येते. दहा फेऱ्यांचं अंतर घेऊन दहाने भागलं की चूकही दहाने भागली जाते. म्हणून फेरे दहा. आणि पहिला ठसा मोजायचा नाही. चाक तिथून निघालं, एवढंच तो सांगतो. त्याला शून्य म्हणायचं. नवीन आलेल्याला मावशी हे तीन-तीनदा बजावत. "ठसे नका मोजू रे बाबांनो, मधली अंतरं मोजा. हाताला बोटं पाच, पण फटी किती? चारच ना?"

टायरांत हवा भरणारे हवाकाका पोती टाकून कमरेवर हात देऊन उभे राहिले. सून चालकाच्या जागेवर चढली. बस मुंगीच्या पावलाने सरकू लागली आणि मावशी चाकाबरोबर वाकून चालू लागल्या.

खिडकीतून डोकं बाहेर काढून सून म्हणाली, "आई, बोला की काहीतरी."

"समोर बघ."

"बोललात बाई एकदाच्या."

"समोर कशाला, आरशात बघ," हवाकाका म्हणाले. "सासू कायम मागच्या बाजूने येते."

सून हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांची नजर चाकावर होती, पण दिसत होता तो घाट. नवरा सांगायचा ती अकरा वळणं, सातव्या वळणावरचा गुडघ्याएवढा दगडी कठडा, आणि त्याच्या पलीकडे काही नसणं. जमिनीवर चुना उमटत होता आणि त्यांचं तोंड आपोआप आकडे म्हणत होतं. "दहा. थांब," त्या म्हणाल्या आणि मोजपट्टी लावली.

सत्तावीस मीटर नव्वद. भागिले दहा, दोन पूर्णांक एकोणऐंशी. आदल्या दिवशी त्यांनी तीन छोट्या बसचे काटे लावले होते. छोट्या बसचा घेर दोन ऐंशीच्या आसपासच असतो. आकडा डोळ्यांना ओळखीचा वाटला, आणि ओळखीच्या माणसाला फाटकावर कोण अडवतं? त्यांनी तो डबीत भरला. पोती उतरली, प्रवासी चढले, फाटकावरच्याने शिट्टी मारली. नऊ वाजून वीस मिनिटांनी बस बाहेर पडली. सुनेने हात केला तेव्हा मावशी मोजपट्टी गुंडाळत होत्या.

त्यानंतर दोन काटे दुरुस्तीला आले, चहा आला, आणि सव्वादहाच्या सुमाराला मावशींनी रजिस्टर उघडलं. सकाळचा आकडा लिहिला. रेघ मारायला पट्टी ठेवली आणि नजर पानभर वर फिरली. याच जातीची बस, याच मापाचा नवा टायर, गेल्या महिन्यातली नोंद. तीन पूर्णांक अकरा.

त्यांनी पट्टी उचलली. दोन्ही आकडे पुन्हा वाचले. नवा टायर झिजलेला नाही. हवा हवाकाकांनी स्वतः भरलेली. मग एका फेऱ्यामागे फूटभर जमीन गेली कुठे?

मावशी धावल्या. सव्वीस वर्षांत त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं. अंगण अजून धुतलेलं नव्हतं. चौथऱ्यापासून ठसे तसेच होते, पहिला जाड, मग फिकट होत गेलेले. त्या प्रत्येक ठशापाशी थांबल्या, वाकल्या, बोट टेकवलं. दहा ठसे. पहिला सोडून नऊ. मोजून झाल्यावर चाकावरचा चुना पुसला होता, त्यामुळे पुढे फाटकापर्यंत कोरडी, स्वच्छ फरशी.

त्यांनी पहिल्या ठशाला एक म्हटलं होतं.

सत्तावीस नव्वदला नऊने भागायला कागद लागला नाही. तीन पूर्णांक दहा. खरं चाक एका फेऱ्यात तीन मीटर दहा जात होतं आणि काटा समजत होता की ते दोन एकोणऐंशीच गेलं. म्हणजे काटा छत्तीस म्हणेल तेव्हा बस चाळीसने धावत असेल. काटा चाळीस म्हणेल तेव्हा चव्वेचाळीसच्याही वर. घाटात सरळ रस्त्यावर चाळीसची मुभा आहे, वळणावर विसाची. आणि ब्रेकवरचा भार वेगाच्या हिशोबाने वाढत नाही, वेगाच्या वर्गाने वाढतो. नवाचे दहा झाले की एक्क्याऐंशीचे शंभर होतात. घाटात पहिल्यांदा उतरणाऱ्या मुलीच्या पायाखाली ब्रेक जवळजवळ पाव पट जास्त तापणार होता, आणि काटा तिला सांगणार होता, सगळं ठीक आहे.

चालकांनी फोन डेपोतच ठेवायचा असा नियम. सुनेचा फोन सात नंबरच्या कप्प्यात बंद होता. मावशींनी साहेबांच्या टेबलावरचा फोन ओढला आणि घाटमाथ्याच्या नाक्याचा नंबर फिरवला. बस दहा वीसला तिथे पोहोचते, ब्रेक थंड करायला दहा मिनिटं उभी राहते, साडेदहाला उतरायला लागते. घड्याळात दहा एकोणीस. वेळ होता.

फोन व्यस्त होता. पुन्हा व्यस्त. मावशी उभ्या उभ्याच नंबर फिरवत राहिल्या. दहा सत्तावीसला नाकेवाल्याने उचलला.

"घाटाची गाडी थांबवून ठेवा," मावशी म्हणाल्या. "चालकाला फोनवर बोलवा."

"गेली की. तीन मिनिटं झाली."

"साडेदहाची आहे ती."

"हो, पण आज सहा मिनिटं आधीच आली. दहा मिनिटं पुरी थांबली, आणि सुटली. तुमच्या सूनबाई ना त्या? चांगला हात आहे, मावशी. अगदी वेळेच्या पुढे."

मावशींनी फोन ठेवला नाही. तो त्यांच्या हातातच राहिला. सहा मिनिटं आधी येणारच ती. काटा पंचेचाळीस म्हणत असेल तेव्हा गाडी पन्नासने पळत होती. तासाच्या रस्त्यात सहा मिनिटं. त्यांच्याच चुकीने ती सहा मिनिटं खाल्ली होती, आणि उरलेली त्या व्यस्त फोनने.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. खालच्या नाक्याला फोन लावला, पण खालून वर जाणारी गाडी आत्ताच निघून गेली होती. मध्ये कुठे फोन नाही, माणूस नाही. "बस उतरली की लगेच कळवा," एवढंच सांगता आलं. मग ते मावशींना म्हणाले, "बसा. दहातला एक भाग फरक. एवढ्याने काही होत नाही."

"वळणाला ते कुठे माहीत आहे?" मावशी म्हणाल्या आणि बसल्या.

समोर भिंतीवर घड्याळ होतं. चाळीसच्या वेगाला त्या चाकाचे सेकंदाला साडेतीन फेरे होतात. चव्वेचाळीसला चार. सेकंदकाटा एकदा टक करतो तेवढ्यात चाक चार वेळा सगळं आकाश बघून पुन्हा जमिनीला टेकतं. एका फेऱ्याला पाव सेकंद. आयुष्यभर त्यांनी हे भागाकार केले होते, पण ते नेहमी कुणाच्या तरी चाकाचे होते. आता त्यांचं बोट गुडघ्यावर आपटू लागलं. टक होताना चार, टक होताना चार. थांबवू म्हटलं तरी थांबेना. पहिलं वळण झालं असेल. दुसरं. काटा वीस सांगतो म्हणून ती बावीसने वळली असेल. मागे बसलेली माणसं एका बाजूला कलली असतील आणि पुन्हा सरळ झाली असतील. ती म्हणाली असेल, काटा तर वीसच दाखवतोय.

हवाकाका पाण्याचा पेला घेऊन आले. पेला टेबलावर ठेवून ते दाराशी उभे राहिले.

"काका, तुम्ही का नाही मोजलंत माझ्याबरोबर?" मावशी म्हणाल्या.

"तुमच्यावर कोण मोजणार, मावशी?"

चौदा किलोमीटरचा उतार. एवढ्या जास्त वेगाने गेली तर पंचवीस मिनिटांत उतरायला हवी. दहा एकोणपन्नास झाले. मावशींनी फोनकडे पाहिलं. दहा बावन्न, बरोबर वेगाने गेली असती तरी एव्हाना उतरली असती. पंचावन्न. अठ्ठावन्न. आता उशीर झाला होता, आणि जास्त वेगाच्या गाडीला उशीर एकाच कारणाने होतो. साहेब खिडकीशी गेले आणि तिथेच राहिले. अकरा वाजले. मावशींना वाटलं, मुलाला फोन करावा. मग वाटलं, काय सांगणार? बोटाचं आपटणं केव्हा थांबलं ते त्यांना कळलंच नाही. आता नुसतं घड्याळ वाजत होतं.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी फोन आला. साहेबांनी उचलला, ऐकलं आणि मावशींच्या हातात दिला.

"आई?" सून म्हणाली. आवाजात धाप होती. "घाबरू नका. उतरलो सगळे. गाडीला लागलंय थोडं."

"तुला?"

"मला नाही. एका बाईंचं कोपर सोललंय, त्यावर औषध लावलं. सातव्या वळणावर मागचा कोपरा कठड्याला घासला. काटा विसावर होता, आई, खरंच विसावर. पण गाडी वळेचना, बाहेरच ओढत होती. माणसं ओरडली. मग मी थांबले, उतरून पाहिलं, आणि पुढे काट्याकडे बघितलंच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये रांगत आणली."

मावशींनी डोळे मिटून घेतले.

"एक विचारू?" सून म्हणाली. "रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड कुणी हलवलेत का हो? घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत पंचेचाळीस दगड झाले आणि गाडीत किलोमीटरचा आकडा साडेचाळीसच पडला. मला तेव्हाच खटकलं होतं. पण म्हटलं, दगडच चुकले असतील. काटा तर तुम्ही लावलाय."

मावशींनी डोळे उघडले.

"दगड बरोबर आहेत," मावशी म्हणाल्या. "मी नऊ फेऱ्यांना दहा म्हटलं."

मग सून म्हणाली, "बरं. मग येताना काय करू?"

"काट्यावर छत्तीस म्हणजे खरे चाळीस. अठरा म्हणजे वीस. बोर्डावर असेल त्यातला दहावा भाग सोडून काटा ठेव."

"छत्तीस, अठरा," सुनेने पुन्हा म्हटलं, आणि फोन ठेवला.

साहेबांनी दार लावून घेतलं. त्यांनी मावशींना वाईट वागवलं असं कुणी म्हणू शकणार नाही. ते खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली घेऊन बोलले. "हे बघा, मावशी. कठडा घासलाय म्हणजे मला वर कळवावं लागणार. पहिलाच दिवस, नवीन चालक, अंदाज चुकला, असं लिहिलं तर कुणी काही विचारणार नाही. तिला समज मिळेल आणि पुन्हा शहरातली गाडी. तुमच्या सव्वीस वर्षांना डाग लागणार नाही. आणि खरं सांगा, ती घाटात नको, हेच तुम्हाला हवंय ना? सकाळी तुमचं तोंड पाहिलं मी."

मावशी पेल्यातलं पाणी प्यायल्या. साहेब म्हणत होते ते सगळं खरं होतं, म्हणूनच ऐकायला भयंकर वाटत होतं. एका वाक्यात सून कायमची सपाट रस्त्यावर येणार होती. ना सातवं वळण, ना हे घड्याळ. रोज सकाळी ती हात करून जाईल आणि मावशी निवांत चहा पितील. त्यासाठी त्यांना काही करायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तर त्यांना आज सकाळपासून छान जमत होतं.

"रजिस्टर आणते," त्या म्हणाल्या.

"मावशी, लिहिलेलं पुसता येत नाही."

"म्हणून तर लिहायचं."

त्यांनी सकाळच्या नोंदीखाली लिहिलं: घेर मोजताना पहिला ठसा धरला, फेरे नऊ झाले, भागले दहाने. काटा एक दशांश कमी दाखवत होता. कठड्याला घासलं ते त्यामुळे, चालकाची चूक नाही. खाली सही केली. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. साहेबांनी ते वाचलं, मान हलवली, आणि चौकशी होईपर्यंत मावशींनी काटे लावायचे नाहीत असं दुसऱ्या कागदावर लिहिलं. डबीची किल्ली हवाकाकांकडे गेली. हवाकाकांनी ती अशी धरली, जणू तापलेली आहे.

दुपारी बस परत आली. मागच्या कोपऱ्यावर हातभर लांब ओरखडा होता आणि त्यात दगडाची पांढरी भुकटी अडकली होती. मावशींनी लांबूनच पाहिलं.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. मुलाला डेपोतल्या कुणीतरी आधीच सांगितलं होतं. तो आईकडे बघेना, बायकोकडे बघेना, भातात खड्डा करून वरण त्यात जिरवत बसला.

"साहेबांनी तुम्हाला विचारलं होतं म्हणे," सून म्हणाली. "मला घाटावरून काढायचं का म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"हवाकाकांनी. त्यांचे कान दाराला लागूनच असतात."

"विचारलं होतं."

"मग?"

"नाही म्हटलं."

सुनेने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "पण तुम्हाला तर तेच हवं होतं."

"अजून तेच हवंय," मावशी म्हणाल्या.

मुलाने मान वर केली. सून सासूकडे बघत राहिली. तिच्या तळहातावर स्टिअरिंग आवळून धरल्याचा लाल पट्टा अजून उतरला नव्हता. सबंध दिवसात त्या दोघी पहिल्यांदाच एकमेकींकडे सरळ पाहत होत्या.

"मला राग आलाय तुमचा," सून म्हणाली. "चुकलात म्हणून नाही. सकाळी घाबरला होतात तर बोलायचं ना. मीही घाबरलेच होते. तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते."

"बोलले असते तर जाऊ नको म्हटलं असतं."

"म्हणायचं. मी गेलेच असते."

मावशींनी वाटी पुढे सरकवली, सुनेने तिच्यात भाजी वाढून परत दिली.

"उद्याही घाटच आहे," जरा वेळाने सून म्हणाली. "काका लावणार काटा. त्यांना तुमच्यासमोर मोजायचंय. एकट्याने हात लावणार नाही म्हणतात."

"मला मनाई आहे."

"लावायला आहे. उभं राहायला नाही."

मावशी ताटाकडे बघत होत्या. उद्याची फरशी, चुना, वळणं, पुन्हा ते घड्याळ, सगळं ओळीने समोर आलं. उद्या येईल, परवा येईल, ही घाटात आहे तोवर रोज येत राहील.

"किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

"सातला."

"मला उठव," मावशी म्हणाल्या. "मी भितेय, पण येते."